क्रॅक डिटेक्शनची नोकरी: आधी क्लास की आधी काम?

प्रश्न: मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीने क्रॅक डिटेक्शनला, म्हणजे पार्टमधल्या भेगा शोधायच्या कामाला, बोलावलंय. दिवसभर अंधारात काम, शिवाय रेडिएशनची भीती वाटते. त्यापेक्षा आधी एनडीटीचा (पार्ट न तोडता तपासण्याचा) ‘लेव्हल टू’, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, कोर्स करून घ्यावा का?
– एक आई, इचलकरंजी

ताई, रेडिएशनची काळजी सोडा. ते रेडिओग्राफीत असतं. इथलं काम मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टिंगचं. क्रँकशाफ्ट (इंजिनातला दांडा) मशीनवर धरून त्यातून करंट सोडतात, म्हणजे त्यात चुंबकत्व येतं; वरून बारीक, चमकणारे लोहकण मिसळलेलं पाणी किंवा तेल ओततात. भेगेपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर फुटतं, कण तिथे जमतात आणि यूव्ही (अतिनील) दिव्याखाली हिरवट-पिवळी रेघ उमटते. अंधार हवा तो ही रेघ दिसावी म्हणून. दिव्यात थेट बघायचं नाही, हातमोजे घालायचे, एवढं पथ्य पाळायचंच.

खरं कसब रेघ वाचण्यात आहे. ऑइल होलच्या कडेला, धारदार कोपऱ्यात कण उगाचही जमतात. करंट टोकापासून टोकापर्यंत सोडला की उभ्या भेगा दिसतात. आडव्या भेगांसाठी पार्ट कॉइलमध्ये घालावा लागतो. एकाच दिशेने तपासून ‘ओके’ मारला की भेग बिनबोभाट पुढे जाते. ही नजर पाळ्या करूनच बसते.

म्हणून क्लासचे पैसे तूर्त राखून ठेवा. एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या पद्धतीत या तपासणीचं लेव्हल टूपर्यंतचं प्रशिक्षण मिळून जेमतेम 20 तासांचं. सोबत अनुभवाचे तास लागतात आणि प्रमाणपत्र देते ती कंपनी. नोकरी बदलली की नवी कंपनी पुन्हा प्रमाणित करते. अनुभवाशिवाय विकलेला ‘लेव्हल टू’चा कागद जाणकार मॅनेजर बाजूलाच ठेवतो. आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र स्वतंत्र संस्था देते. तेही अनुभव मागतंच.

डोळे मात्र आजच तपासून घ्या. जवळचं बारीक अक्षर वाचता यायला हवं आणि रंगांतला फरक कळायला हवा. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर बदला, तो यूव्हीखालीही काळा होतो.

ही तपासणी लोखंड-पोलादासारख्या, चुंबकाला चिकटणाऱ्या धातूंपुरतीच. ॲल्युमिनियमला ती चालत नाही. त्यामुळे वर्षभरात त्याने डाय पेनिट्रंट (रंगद्रव्याने भेग दाखवणारी) आणि मग अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) तपासणी शिकायला घ्यावी. मुलाखतीत त्याला दोनच गोष्टी विचारायला सांगा: हाताखाली घेणारा लेव्हल टू तपासनीस कोण, आणि अनुभवाचे तास लेखी नोंदवता का? नुसते पार्ट चढवायला-उतरवायला माणूस हवा असेल, तर दुसरी कंपनी बघा.