पुढच्या ब्रेकची भीती

"ताई, तुम्हीच सांगा तिला. स्कूटी घे म्हणावं, नाहीतर कंपनीची बस आहेच." आईने माझ्यासमोर खुर्चीत बसता बसताच सुरुवात केली. मुलगी शेजारी गुडघ्यावरच्या पट्टीची कड खुडत होती. वय 22, घर इंदूरच्या राजेंद्रनगरला, नोकरी शहराबाहेर पीथमपूरच्या एका कारखान्यात. शिफ्ट बदलली की बस जुळत नाही, म्हणून मोटारसायकल घ्यायचं ठरलं. लर्निंग लायसन्स काढून ती मोठ्या भावाच्या 200 सीसी गाडीवर शिकत होती आणि तिसऱ्याच दिवशी पडली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलीची तक्रार निराळी होती. "चालवायची आहे, पण ब्रेकवर बोटं गेली की हात आखडतो. मी बाईकसाठी नाहीच का?"

पहिल्यांदा पडल्यावर हा प्रश्न बहुतेकांना पडतो, मुलग्यांनाही. ते तो बोलून दाखवत नाहीत एवढंच. 'घाबरू नकोस' म्हणून काही होत नाही. ती पडली कशी, हे आधी क्षणाक्षणाने काढून घ्यावं लागतं.

काढून घेतलं ते असं. कॉलनीच्या फाटकातून आत वळताना वेग चालण्याइतका, हँडल पूर्ण उजवीकडे. शेजारी बांधकाम, त्यामुळे रस्त्यावर खडीची चुरी. समोर कुत्रं आलं, तिने चार बोटांनी पुढचा ब्रेक कचकन दाबला. चाक वळलेलं, खाली चुरी. पकड सुटली आणि गाडी उजवीकडे झुकली. तिने पाय टेकून सावरायला पाहिलं, पण सीट उंच, टेकले फक्त चवडे. दीडशे किलोच्या पुढची गाडी एकदा कलली की चवड्यांवर कोणीच धरू शकत नाही. अशा वेळी गाडी सोडून बाजूला व्हायचं. तिने धरून ठेवली म्हणून गुडघा फुटला. ब्रेकचा लिव्हर वाकला, फुटरेस्ट वाकलं. बास, एवढंच.

घरी वडिलांनी निदान केलं: "तरी सांगत होतो, पुढचा ब्रेक लावायचाच नाही. कोलांटी खाशील." हात आखडत होता तो या वाक्याने. इंदूरच्या निम्म्या घरांत हे वाक्य असंच वारशाने चालत आलं असावं!

खरं तर गाडी थांबवण्यात मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, शॉकअप दबतात, पुढचा टायर रस्त्याला घट्ट चिकटतो आणि मागचा हलका पडतो. फक्त मागचा दाबला तर चाक अडकून घसरतं आणि गाडी उशिरा थांबते. पुढचा ब्रेक तीन वेळी घात करतो: हँडल वळलेलं असताना, चुरी-चिखलावर आणि एका झटक्यात आवळला तर. तिच्या बाबतीत तिन्ही एकाच वेळी जमून आलं होतं.

हे तिला पटलं, हाताला पटलं नाही. म्हणून आमच्यासोबत काम करणाऱ्या प्रशिक्षकाने काकांची जुनी 100 सीसी गाडी मागवून घेतली आणि सकाळी सहाला कॉलनीतला एक बंद, कोरडा, झाडून घेतलेला रस्ता निवडला. सुपर कॉरिडॉर मुद्दाम टाळला. तिथे रस्ता रुंद म्हणून नवखे जातात, आणि रुंद म्हणूनच बाकीचेही सुसाट येतात.

पहिल्या दिवशी इंजिन बंद. भाऊ मागून ढकलणार, हँडल सरळ, आणि तिने दोन बोटांनी पुढचा लिव्हर 'एक-दोन-तीन-चार' मोजत दाबायचा. शॉकअप हळूहळू खाली जाताना दिसला पाहिजे. पंधरा-वीस वेळा. मग इंजिन चालू, पहिला गिअर, रेस न देता नुसता क्लच सोडत गाडी जिथे सरकायला लागते ती जागा शोधायची. पाच मीटर जाऊन थांबायचं. कंटाळवाणं आहे, पण गर्दीत गाडी बंद पडणं आणि उडी मारणं हे दोन्ही इथेच मिटतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर खडूची रेघ. ताशी 30 ने येऊन रेघेवर ब्रेक. फक्त मागचा लावला तेव्हा रेघेपासून 14 पावलं. दोन्ही मिळून, पुढचा दाब वाढवत नेला तेव्हा 8. तिने स्वतः पावलं मोजली, पुन्हा केलं, पुन्हा मोजली. तिसऱ्या खेपेला वडील चहाचा कप कठड्यावर ठेवून स्वतः मोजायला गेले.

सावकाश वळण्याचा सराव त्यानंतर. थांबायचं असेल तर हँडल सरळ करून. वळता वळता वेग आवरायचा तर अर्धा क्लच आणि पायाचा ब्रेक हलका. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवरून बोटं काढायची. नजर चाकासमोर ठेवायची नाही, जिथून बाहेर पडायचंय तिथे मान वळवायची. खड्ड्याकडे बघत राहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते.

गाडी कुठली, हा वाद मग सोपा झाला. आईची स्कूटी शहरात ठीक, पण पीथमपूरच्या वाटेवर राऊच्या पुढे ट्रकांच्या रांगेत, खड्ड्यांतून रोज जायचं तर 10-12 इंची चाकांपेक्षा 17-18 इंची चाकं स्थिर राहतात. भावाची 200 सीसी बाद; सीट 800 मिलिमीटरच्या वर. हिची उंची 155 सेंटीमीटर. शोरूममध्ये सीसी विचारण्याआधी कामावरचे बूट घालून बसायचं, साइड स्टँड काढायचा: एक पाय सपाट आणि दोन्ही चवडे नीट टेकले पाहिजेत. मग उतरून गाडी दहा मीटर मागे ढकलायची आणि डबल स्टँडवर लावायची. जमलं नाही तर ती गाडी आपली नाही. 790 मिलिमीटरच्या आसपास सीट, 115 किलोच्या आतलं वजन आणि पुढे डिस्क असलेली 125 सीसी गाडी तिला जमली. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस (जोडब्रेक) सक्तीचं झालं, त्यावरच्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे वडिलांचा सल्ला नव्या गाडीवर पाळता येतच नाही! हे ऐकून ते हसले. एबीएस अधिक सुरक्षित, यात वाद नाही. पण इथे 30-40 किलो जास्तीचं ओझं रोज पार्किंगमध्ये नडलं असतं.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच, पट्टा लावून मागून वर ओढलं तर निघता कामा नये, आणि एकदा जोरात आपटलं की बदलायचं. ऑगस्ट 2025 पासून इंदूरला हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला, तेव्हा पंपावर उसनी हेल्मेटं फिरली. उसनं हेल्मेट पंपापुरतंच.

पहिले दोन रविवार फक्त राऊपर्यंत, तेही उजाडल्यावर. मग पीथमपूर. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, तिथे रेंगाळायचं नाही. ताशी 60 ने ब्रेक लागायच्या आधीच, एका सेकंदात गाडी 17 मीटर गेलेली असते. अंतर त्या हिशेबाने. पहिल्या पावसानंतर रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी तिने बसनेच जावं असं ठरलं. आईने ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, पावसाची तारीख रिकामी सोडून.

वडील अजून मागे बसायला तयार नाहीत. पक्कं लायसन्स येईपर्यंत शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवता येत नाही, त्यामुळे तो वाद सध्या पुढे ढकलला आहे.