गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थरायटिस (सांध्यांची झीज) असेल तर चालावं, सायकल चालवावी की पोहायला जावं?

तुम्ही लिहिलंय की आई ६१ वर्षांच्या आहेत, वजन जास्त आहे, दोन्ही गुडघ्यांची झीज ग्रेड २, म्हणजे सौम्य. डॉक्टर म्हणतात चाला, शेजारच्या काकू म्हणतात चालू नका, उरलंसुरलं झिजून जाईल. आणि अर्धा तास चालून आल्या की संध्याकाळी गुडघे ठणकतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे काकूंचं मत मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि दाब पडला-सुटला की तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे हालचाल हवीच. बसून राहिलं की मांडीचा स्नायू सुकतो आणि गुडघ्याचा उरलेला आधारही जातो. १९९७ साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या ४३९ रुग्णांवरचा दीड वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसती माहितीची सत्रं मिळालेल्या गटापेक्षा नियमित चालणाऱ्यांचं दुखणं कमी राहिलं आणि एक्स-रे काही जास्त बिघडले नाहीत. फरक मध्यमच होता, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा चालणं सुरू ठेवा, फक्त सलग अर्धा तास नको. दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, सपाट जागेवर, चपलेऐवजी मऊ तळाचे बूट घालून. चालताना थोडं दुखलं तर घाबरू नका. पण दोन तासांनंतरही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर मात्रा जास्त झाली समजा आणि पुढच्या वेळी कमी करा. टेकडी तूर्तास नको. चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. आणि 'व्यायाम म्हणून' सोसायटीचे जिने चढणं-उतरणं तर अजिबात नको. हा सल्ला लोकांना कोण देतं कुणास ठाऊक!

वजन जास्त असेल तर माझी पहिली पसंती घरातल्या स्टॅटिक सायकलला, कारण शरीराचा भार सीटवर जातो. मात्र बहुतेक घरांत ती सीट फार खाली ठेवलेली असते. बसल्यावर पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं म्हणून. मग प्रत्येक फेरीला गुडघा जास्त वाकतो, वाटीमागे दाब येतो, दुखतं आणि सायकलवर कपडे वाळत पडतात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. चढता-उतरताना तुम्ही जवळ उभे राहा. रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, अगदी कमी ठेवून पाच मिनिटांपासून सुरुवात करा. आठवडाभर त्रास झाला नाही तर दोन-तीन मिनिटं वाढवा. मालिका बघत केलं तरी चालतं.

पाण्यातला व्यायाम सर्वांत हलका, आणि त्यासाठी पोहता यायलाच हवं असं नाही. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात जवळपास एक तृतीयांश. कठडा धरून पुढे, मागे, आडवं चालायचं, बस्स. पोहता येत असेल तर ब्रेस्टस्ट्रोक टाळा. त्यातल्या बेडकासारख्या लाथेने गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो. पण तलाव जवळ आहे का, बायकांची बॅच कधी असते, पोहण्याचा पोशाख घालायला आई तयार होतील का, ओल्या फरशीवर हात धरायला कोणी आहे का, हे आधी बघा. यातलं काही जमत नसेल तर तो विषय खुशाल सोडून द्या.

वेग इतकाच की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला १५० मिनिटं हे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे. मात्र सांधेदुखी असलेल्यांना ४५ मिनिटांनीही रोजच्या हालचालीत फायदा झाल्याचं अभ्यासात दिसलंय, म्हणून आकडा बघून धास्तावू नका. सोबत उंच खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव ठेवा, मांडीसाठी. आणि वजन एक किलोने उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, त्यामुळे ताटाकडेही थोडं बघा.

एकाच गुडघ्याला त्रास जास्त असेल तर काठी विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

गुडघा लाल, गरम झाला, मध्येच अडकायला लागला, पोटरी सुजली किंवा व्यायाम करताना छातीत दुखलं, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आईंना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारून घ्या.