मॅडम, ते संस्थेतल्या माणसाशी तासभर बोलतात, माझ्याशी नाही

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी आत्तापर्यंत इतक्या जणींकडून ऐकलंय की समोरची अर्धं बोलली की पुढचं मला कळतं. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, शिक्षा भोगून घरी आलेला असतो. घरच्यांनी डोळ्यांत प्राण आणून वाट बघितलेली असते. आणि तो घरात गप्प. पण तुरुंगात ज्या संस्थेचे कार्यकर्ते भेटायला यायचे त्यांचा फोन आला की हा बाहेर जाऊन बोलत बसतो, हसतोसुद्धा, आणि आत आला की पुन्हा तोच चेहरा. मग घरच्यांच्या मनात येतं की आम्ही एवढी वर्षं काढली ती कशासाठी, आणि ते परके लोक जवळचे कसे काय झाले.

परवा एकाच आठवड्यात तिघीजणींनी हेच विचारलं, म्हणून एका जोडप्याबद्दल लिहितेय. दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. गुन्हा काय होता ते लिहीत नाही, या प्रश्नाला त्याची गरजही नाही. एक मात्र आधीच सांगते, घरात मारहाण झाली असेल, होत असेल किंवा तीच होईल अशी भीती असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता बघायची, नात्याचं नंतर.

ताई पहिल्यांदा एकट्याच आल्या. नवरा सव्वाचार वर्षांनी सुटून आला होता, येऊन दोन महिने झाले होते. नऊ वर्षांची मुलगी. मी विचारलं, "घरी असतात तेव्हा काय करतात?"

"काहीच नाही. अंथरुणाची घडी एवढीशी करून कोपऱ्यात ठेवतात आणि तिथेच बसतात. जेवायला वाढलं की उठतात. पाणी प्यायचं तरी घेऊ का म्हणून विचारतात. स्वतःच्या घरात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते अहो विचारता काय, घ्या ना. मग ते अजूनच गप्प होतात." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या संस्थेच्या दादांचा फोन आला की मात्र आवाज बदलतो. मॅडम, मी त्यांना सांगू का की तुम्ही यांना फोन करू नका?"

हा प्रश्नही नेहमीचा, आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं: नका सांगू. निदान इतक्यात तरी नका. पण नुसतं नका म्हणून माणसाचं दुखणं जात नाही, म्हणून म्हटलं पुढच्या वेळी दोघं या.

पाणी विचारून पिण्याबद्दल इथेच सांगते. तुरुंगात उठणं, जेवणं, अंघोळ, दिवे, दार, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. दार आपण उघडायचं नसतं, ते उघडलं जातं. वर्षानुवर्षं असं गेलं की ठरवायची सवयच मोडते. डोनाल्ड क्लेमर नावाच्या अभ्यासकाने 1940 मध्येच लिहून ठेवलंय की तुरुंग माणसाला हळूहळू स्वतःच्या रीतीभातींत मुरवत नेतो. घरी आल्या आल्या ते उतरत नाही. त्यामुळे पाणी विचारून पिणारा माणूस तुम्हाला परकं मानत नसतो, फक्त त्याचं शरीर अजून तिथल्या घड्याळावर चालू असतं. एवढं सांगितलं तरी बऱ्याच बायकांच्या जिवाला बरं वाटतं.

दुसऱ्या वेळी ते आले. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. मी सरळच विचारलं, "दादांशी बोलणं सोपं का जातं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "त्यांचं मी काही नुकसान केलेलं नाही ना मॅडम."

ताईंनी मान वर केली. मी म्हटलं, आणखी सांगा. तर कळलं की हा माणूस आत बराकीतल्या लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून द्यायचा. अक्षर चांगलं. संस्थेच्या दादांनी त्याला कागद पुरवले, अर्ज कुणाच्या नावाने करायचा, सोबत काय जोडायचं ते शिकवलं, आणि नवीन आलेला घाबरलेला माणूस असला की लोक त्याला यांच्याकडे पाठवायचे. "तिथे मला लोक विचारायला यायचे. इथे सगळे मला सांभाळतात."

आत असताना या माणसाचं काहीतरी मोल होतं, ही गोष्ट घरच्यांना कुणीच सांगितलेली नसते, कारण घरच्यांच्या मनात जेल म्हणजे नुसती गेलेली वर्षं. पण चांगल्या संस्था नेमकं इथेच काम करतात. ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेने 1991 मध्ये स्वॉन्झीच्या तुरुंगात कैद्यांनाच दुसऱ्या कैद्यांचं ऐकून घ्यायचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, रात्री कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार आले तर त्याच्याजवळ बसणारा त्याच्यासारखाच एक कैदी. ती पद्धत पुढे तिथल्या कितीतरी तुरुंगांत गेली. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून आत असलेल्यांबरोबर आणि बाहेर पडलेल्यांबरोबर काम करतोय. अशा ठिकाणी माणसाला तू काय केलंस याच्याबरोबर तुला काय येतं हेही विचारतात. घरी दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायचं सुचत नाही, त्यात घरच्यांचा दोष नाही.

मी घराकडे नेहमी एकत्र बघते, एकेकट्या माणसाकडे नाही. एक माणूस निघून गेला की त्याची कामं बाकीचे वाटून घेतात आणि काही वर्षांत त्याची जागा भरून येते. ती भरून यावीच लागते, नाहीतर घर चालणार कसं? मग तो परत येतो आणि सगळे म्हणतात ये, बस, आराम कर. बसायला जागा असते पण करायला काहीच नसतं. म्हणून मी ताईंना विचारलं, "घरात असं कुठलं काम आहे जे फक्त यांचंच आहे, यांनी नाही केलं तर अडेल?"

ताईंनी खूप विचार केला. "एकही नाही मॅडम. मीच ठेवलं नाही."

हा प्रश्न मी आता प्रत्येक अशा घराला विचारते आणि बहुतेक ठिकाणी हेच उत्तर येतं. मला वाटतं या कामातलं माझं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच आहे.

निघताना ते दारात थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एक राहिलं. हिने आठ महिने मुलाखत घेतली नव्हती. ते महिने मला पाठ आहेत." मुलाखत म्हणजे तुरुंगात जाऊन घेतलेली भेट. ताई काहीच बोलल्या नाहीत, चप्पल घालत राहिल्या. वेळ संपली होती, पण मी ते लिहून ठेवलं.

मी ताईंना म्हटलं होतं की घरातलं एक खरं काम यांना द्या, खोटं खोटं नको, माणसाला ते लगेच कळतं. तिसऱ्या वेळी त्या एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. चार वर्षांचे कागद. वकिलाचे, कोर्टाचे, बँकेचे, शाळेचे, सगळे एकात एक. म्हणाल्या, "मला यातलं निम्मं समजत नाही, मी नुसतं कोंबत गेले. यांना लावायला सांगते."

ताईंच्या नवऱ्याने विचारलं, इथेच लावू का? मी म्हटलं लावा की. माझ्या ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि कागद काढायला लागले, कोर्टाचे इकडे, बँकेचे तिकडे, वर तारखेप्रमाणे. स्टेपलर मागितला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाला न विचारता त्यांनी काहीतरी ठरवलं होतं, आणि ताई ते बघत होत्या.

पिशवीच्या तळाशी रबर लावलेला छोट्या कागदांचा गठ्ठा होता. प्रवासाची तिकिटं. मुलाखतीला जाता येतानाची. त्या मशीनच्या तिकिटांवरची शाई उडून जाते, सगळी कोरी झाली होती, पण प्रत्येकाच्या मागे ताईंनी पेनाने तारीख लिहिली होती. ते एकेक उलटं करून लावत गेले. मग थांबले. एक तिकीट हातात धरून बसले.

"ही तारीख चुकली आहे तुझी."

"नाही चुकली."

"या महिन्यात तू आली नव्हतीस."

"आले होते. मुलीचं ओळखपत्र मागितलं, माझ्याकडे नव्हतं. परत पाठवलं. त्याच्या पुढचं पण बघा, त्या दिवशी मुलाखती बंद होत्या. मग पैसेच नव्हते."

"कळवलं का नाहीस?"

"काय कळवायचं? तुम्ही रात्रभर जागला असता."

मला खूप काही बोलावंसं वाटत होतं. मी बोलले नाही, आणि त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं असं मला वाटतं. ते तिकीट हातात घेऊन तसेच बसले होते, ताई खिडकीकडे बघत होत्या, आणि मग ते म्हणाले, "मला वाटलं तू सोडून दिलंस. म्हणून मी पण पत्रं बंद केली." आणि ताई म्हणाल्या, "पत्रं बंद झाली म्हणून मला वाटलं तुम्हाला आता आम्ही नको."

दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प राहिले होते आणि त्या गप्प राहण्याचाच त्रास चार वर्षं साठला होता. संस्थेच्या दादांशी बोलणं सोपं होतं कारण तिथे असा साठा नव्हता, एवढंच. ते दादा ताईंच्या जागेवर कधीच बसले नव्हते.

तुमच्या घरी असंच चाललं असेल तर संस्थेच्या माणसाला तोडू नका. एकदा तिघं मिळून भेटा आणि विचारा, हे आत काय करायचे, कशात हुशार होते. त्याने सांगितलेल्या खाजगी गोष्टी मात्र विचारू नका, चांगला कार्यकर्ता सांगणारही नाही आणि तेच बरोबर आहे. संस्था पारखायची खूण पण हीच, जी घरच्यांना टाळत नाही आणि इकडचं तिकडे करत नाही ती चांगली. आणि मदत देताना आधी फोटो काढू द्या म्हणणारी असेल तर सरळ नाही म्हणा.

ज्यांचं माणूस अजून आत आहे त्यांनी भेटीला जात राहा, जमेल तसं. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने सुटलेल्या 16,420 लोकांचा अभ्यास 2011 मध्ये मांडला, त्यात ज्यांना भेटायला कुणी आलं होतं त्यांच्यावर पुन्हा गंभीर गुन्हा सिद्ध व्हायचं प्रमाण 13 टक्क्यांनी कमी निघालं. जाता आलं नाही तर का आलं नाही ते कळवा, दोन ओळी का होईना. भेटीच्या प्रवासासाठी मदत करणाऱ्या संस्थाही असतात, विचारायला लाजू नका. मुलांना 'बाबा कामाला परदेशी गेलेत' सांगू नका, कुठूनतरी कळतंच आणि मग मूल दोघांवरचाही विश्वास हरवून बसतं. त्याच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा. ब्रिटनमध्ये एक संस्था कैदी वडिलांच्या आवाजात मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करून घरी पाठवते. आपल्याला ते जमलं नाही तरी बाबांच्या हातचं पत्र मुलाला वाचून दाखवता येतं.

सुटकेची तारीख जवळ आली की कागदपत्रांचं आधी बघा. कैद्यांना कसं वागवायचं याचे जे मंडेला नियम संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये मान्य केले त्यांत, 108 व्या नियमात लिहिलंय की सुटणाऱ्याकडे ओळखीची कागदपत्रं, राहायला जागा, काम, ऋतूप्रमाणे कपडे आणि पोचण्यापुरते पैसे असतील हे जमेल तितकं बघायचं. प्रत्यक्षात यातलं बरंचसं संस्थाच करतात, म्हणून दोन-तीन महिने आधीच त्यांना गाठा. आणि आधी नशेची सवय असेल तर पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून जपा. वॉशिंग्टन राज्यातल्या 2007 च्या अभ्यासात सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांपेक्षा 12.7 पट निघाला होता, आणि सगळ्यात मोठं कारण ड्रग्जचा ओव्हरडोस. आत असताना शरीराची सवय गेलेली असते, बाहेर येऊन माणूस जुन्याच प्रमाणात घेतो आणि जातो. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, स्पष्ट सांगते.

नोकरीचं पहिल्या महिन्यात रोज विचारू नका. आधी छोटं छोटं ठरवायला द्या, आज कुठला शर्ट, मुलीला शाळेत कोण सोडणार. लॉस एंजेलिसमधली होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था 1988 पासून टोळ्यांतून आणि तुरुंगातून बाहेर पडलेल्यांना काम देतेय, तिथेही कामाबरोबर समुपदेशन असतं आणि अंगावरचे टॅटू फुकट काढून मिळतात. माणूस नुसत्या पगाराने उभा राहत नाही हे त्यांना पक्कं कळलंय.

ते जोडपं नंतर चार वेळा आलं. सगळं सुरळीत झालं असं नाही, अजूनही रात्री दिवा बंद केला की त्यांना झोप येत नाही आणि ताईंना दिव्यात येत नाही, त्यावर काम चालू आहे. कागदांची फाइल आता त्यांच्याकडे असते, शाळेचे फॉर्म तेच भरतात. मंगळवारी ते संस्थेच्या ऑफिसात जातात, नवीन कुटुंबांचे अर्ज लिहून द्यायला. मागच्या वेळी ताई म्हणाल्या, मी पण जाते आता त्यांच्याबरोबर. मी विचारलं तुम्ही काय करता तिथे?

"पहिल्यांदा मुलाखतीला निघालेल्या बायका असतात ना मॅडम, त्यांना सांगते. लेकराचं ओळखपत्र आठवणीने घ्या म्हणून."