ओझर ते दिल्ली: सव्वा तास की दोन?

प्रश्न : ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने सव्वा तास पुरायला हवा. मग तिकिटावर दोन तास का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : भागाकार चोख आहे! पण ८०० चा वेग वरच्या उंचीवरच मिळतो. चढता-उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय ९९० हे सरळ रेषेतलं अंतर. प्रत्यक्षात ठरलेल्या हवाई मार्गाने थोडा वळसा पडतोच. तिकिटावरची वेळ विमान ओझरला जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची धरतात. दिल्लीत गर्दी असली की आकाशात घिरट्या, उतरल्यावर लांबलचक टॅक्सीवे (धावपट्टीवरून विमान उभं करायच्या जागेपर्यंतचा रस्ता). कंपन्या त्यासाठी थोडी सवड आधीच धरतात, म्हणून कधी विमान ‘लवकर’ पोचतं. पंचवटीहून ओझरचे वीसेक किलोमीटर मात्र वेगळे मोजा.