टॅपन झी : पुलाच्या नावातला 'झी' कुठला?

प्रश्न असा आला आहे : न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीवर जो टोलचा पूल आहे, त्याला तिथली मराठी मंडळी 'टॅपन झी' म्हणतात, पाटीवर मात्र मारिओ क्युओमो यांचं नाव. हा 'झी' म्हणजे काय आणि लिहिताना कोणतं नाव वापरावं?

झी वाहिनीशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. हा शब्द डच, अर्थ समुद्र. मूळ उच्चार 'झे'च्या जवळचा. न्यूझीलंडमधला 'झी' तोच, कारण ते नाव नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतावरून पडलं. टॅपन हे तिथल्या मूळ लेनापे लोकांपैकी एका गटाचं नाव. सतराव्या शतकात आलेल्या डचांनी इथलं अफाट पात्र पाहून नदीला थेट समुद्रच करून टाकलं. पाणी भरती-ओहोटीचं आणि मचूळ. आपण त्याला सरळ खाडी म्हटलं असतं.

आता खरी गंमत. पूल बांधायला नदीचं अरुंद पात्र शोधतात, इथे तर जवळजवळ 5 किलोमीटर रुंदीची जागा निवडली. कारण टोल! न्यूयॉर्क बंदराच्या पोर्ट ऑथॉरिटीचा अधिकार स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापासून साधारण 25 मैलांपर्यंत चालतो. त्या हद्दीत पूल झाला असता तर टोल तिच्या गल्ल्यात गेला असता. राज्याला तो पैसा आपल्या नव्या थ्रूवे महामार्गासाठी हवा होता, म्हणून पूल हद्दीच्या जरासा बाहेर सरकला आणि नेमका 'समुद्रा'वर येऊन बसला. दक्षिणेला अरुंद पात्रावर झाला असता तर नाव बहुधा दुसरंच पडलं असतं.

पूल खुला झाला 1955 मध्ये. 1994 मध्ये माजी गव्हर्नर माल्कम विल्सन यांचं नाव पुढे जोडलं. ते कुणी उच्चारलं नाही. 2017 मध्ये शेजारी नवा पूल आला. तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांच्या कारकिर्दीत त्याला त्यांच्याच वडिलांचं नाव मिळालं आणि 'टॅपन झी' साफ गेलं. लोक चिडले, सह्यांची मोहीम झाली. पुण्यात संभाजी पुलाला आजही लकडी पूल म्हणतात, तसंच तिथेही बोलण्यात जुनंच नाव आहे.

माझं मत : 2017 पूर्वीच्या पुलाबद्दल 'टॅपन झी पूल'च लिहावं. नव्याबद्दल एकदा अधिकृत नाव देऊन पुढे बोलीतलं वापरायला हरकत नाही. 'टॅपनझी' असं जोडून मात्र लिहू नये, शब्द दोन आहेत.