बोल्गाची टोपली मागवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. उत्तर घानातल्या बोल्गातांगाहून, म्हणजे बोल्गाहून, गवताच्या टोपल्या मागवायच्या, न्हावा-शेवाला उतरवायच्या आणि दिवाळीत 'फेअर ट्रेड', म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार, म्हणून विकायच्या. डिझाइनवर तू चार पानं भरली आहेस, मोबदल्यावर मात्र एकच ओळ: 'कारागिरांना योग्य दर'. आधी त्या ओळीचा हिशेब मांड.

टोपलीला किती वेळ लागतो असं विचारलं की 'दोन-तीन दिवस' असं उत्तर येतं, आणि ते बहुधा फक्त विणण्याचं असतं. त्याआधी काडी न् काडी उभी चिरायची, पिळून दोरीसारखी घट्ट करायची, मग उकळत्या पाण्यात रंगवायची. विणकाम बुडापासून काठापर्यंत. शेवटी बाहेर आलेली टोकं कापायची आणि मूठ बांधायची. मुठीवरचं चामडं बहुतेक वेळा दुसराच कारागीर चढवतो, त्याची मजुरी वेगळी. म्हणून घड्याळ लावून तीन जणींचा वेळ मोज: एक झपाट्याने विणणारी, एक मध्यम, एक सावकाश. चिरण्यापासून टोक कापेपर्यंत सगळे तास धर आणि दर मधलीच्या तासांवर ठरव. सर्वांत जलद बाईच्या वेळेवर दर बांधला की बाकीच्या तोट्यात विणतात.

घानात सरकार किमान रोजंदारी जाहीर करतं. २०२५ साठी ती १९.९७ सेडी (घानाचं चलन) होती. आठ तासांनी भागलं तर तासाला अडीच सेडी. समज, टोपलीला २० तास लागले, तर नुसती मजुरी ५० सेडी झाली. त्यात गवत, रंग, चामडं आणि बाजारापर्यंतचं भाडं मिळवायचं. गवत हा किरकोळ खर्च समजू नकोस. उत्तरेत ते पुरेसं मिळत नाही, दक्षिणेतून कुमासीकडून ट्रकने येतं. आणि ५० हा आकडा तळाचा, कारण कायद्यातली रोजंदारी घर चालायला पुरतेच असं नाही. बुरूड आळीत सुपाचा भाव पाडताना आपण नगाची किंमत बघतो, तास मोजत नाही. ती सवय इथे सोडावी लागेल.

दर सेडीत ठरवून वर्षभर गोठवू नकोस. डिसेंबर २०२२ मध्ये घानातली वार्षिक महागाई ५४.१ टक्क्यांवर गेली होती. जानेवारीत रास्त असलेला दर अशा वर्षात डिसेंबरपर्यंत जेमतेम दोन-तृतीयांश मोलाचा उरतो. दर तीन महिन्यांनी गवताचा भाव पाहून फेरआकारणी, असं कलम करारात घाल.

आता आगाऊ रक्कम. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची, म्हणजे डब्ल्यूएफटीओची, दहा तत्त्वं आहेत. हस्तकलेसाठी त्यात स्पष्ट म्हटलंय की मागणी केल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. 'मागणी केल्यास' हे शब्द फसवे आहेत. ऑर्डर हातची जाईल या भीतीने गट मागतच नाही. तूच आधी देऊ कर. आगाऊ नसेल तर बाई गवत उधारीवर उचलते, टोपली उधारी देणाऱ्यालाच पडत्या भावात जाते आणि तू ठरवलेला दर कागदावरच राहतो. उरलेली रक्कम माल बोल्गाहून निघताना दे, विक्री झाल्यावर नव्हे.

पैसे गटाच्या खात्यात गेले म्हणजे विणणारीच्या हातात पडले असं होत नाही. नाव, नग, दर, रक्कम आणि अंगठा किंवा सही असलेली यादी माग. मोबाइल मनी तिथे सर्रास चालतं, त्यामुळे प्रत्येकीच्या नावावर गेलेल्या रकमेची नोंद मिळू शकते. मग यादीतल्या तिघींना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचार: या टोपलीचे किती मिळाले? तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली तर पुढची ऑर्डर थांबव आणि आधी त्याचा छडा लाव. मुलांबद्दलही तिथेच बघ. शाळेतून आल्यावर आईला काड्या पिळून देणं वेगळं आणि ऑर्डर पुरी करायला शाळा बुडणं वेगळं. दुसरी गोष्ट बहुतेकदा तुझ्याच घाईतून घडते.

कारण तिथे पाऊस एकदाच, साधारण मे ते ऑक्टोबर. पेरणी, खुरपणी, कापणी सगळं त्यातच. जुलैत ५०० टोपल्यांची तातडीची ऑर्डर दिलीस तर एक तर शेत मागे पडेल, नाही तर काम कमी दरात तिसऱ्याच गावात वाटलं जाईल. दिवाळीच्या मालाची ऑर्डर आदल्या नोव्हेंबरात दे, विणकाम जानेवारी ते मार्च. तेव्हा हरमॅटनचं कोरडं वारं असतं, काडी कडक होऊन तुटते, ती ओली करत विणावी लागते. म्हणजे रोजचा वेग थोडा कमीच धर. बोल्गा ते तेमा बंदर रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर, पुढे समुद्रात एक-दोन महिने. माल जूनच्या आत आपल्याकडे उतरायला हवा. पण मग दिवाळीपर्यंत तो गोदामातच राहणार, म्हणून गोदाम हवेशीर बघ. पावसाळ्यात बंद गोदामात पडून राहिलेल्या गवताला बुरशी धरतेच, आणि चामड्याच्या मुठीला सगळ्यांत आधी.

बुरशीचं मूळ बहुतेक वेळा मात्र पॅकिंगमध्ये असतं. ओलसर टोपली कंटेनरमध्ये गेली की रात्री छताला पाणी सुटतं आणि मालावरच ठिबकतं. दोन दिवस उन्हात वाळवून मगच बांधायचं, ओल शोषणाऱ्या पिशव्या टाकायच्या. पूर्ण कंटेनर न भरणाऱ्या सुट्या मालाचं भाडं घनमीटरवर लागतं, म्हणजे तू हवेचे पैसे भरतोस. टोपल्या एकात एक घालून चपट्या दाबून गठ्ठे बांधायला सांग आणि त्या कामाचीही मजुरी दे.

खोट कुणाची, हे आधी ठरव. एकसारखे दोन नमुने घे, दोन्हीवर चिठ्ठी बांधून सह्या कर, एक तिथे, एक तुझ्याकडे. व्यास ४० सेंटिमीटर म्हणालास तर दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल असं लिहून दे. रंगाची छटा छोट्या भांड्यात उकळून येते, छापील रंगपट्टीशी ती जुळणार नाही. पांढरं ओलं फडकं दहा वेळा घासून बघ, रंग उतरला तर नग नाकार. पण नाकारायचं ते बोल्गातच, नगाला हात लावून. मुंबईत फोटो काढून पैसे कापायचे, हा प्रकार सरळ अन्याय आहे. आणि तुझं मन बदलून ऑर्डर रद्द झाली तर झालेल्या कामाचे पैसे द्यायचे, हे त्याच तत्त्वांत आहे.

कागदपत्रं थोडक्यात: तुझा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, गवत म्हणून लागत असल्यास वनस्पती आरोग्य दाखला, आणि माल निघण्याआधीच कस्टम एजंटकडून लेखी यादी. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का. अतिअविकसित देशांना भारत देतो ती शुल्कसवलत घानाला लागू नाही. शेजारचा बुर्किना फासो त्या यादीत आहे आणि सरहद्द जवळ आहे, म्हणून कुणी तिकडचा दाखला आणून देतो म्हणेल. त्या वाटेला जाऊ नकोस.

लेबलवर निळं-हिरवं फेअरट्रेडचं चिन्ह छापू नकोस. ते मुख्यतः कॉफी, केळी, कापूस अशा मालाचं प्रमाणपत्र आहे. डब्ल्यूएफटीओचं लेबलही त्यांच्या पडताळणीतून गेलेल्यांनाच मिळतं. तोवर दर, तास आणि आगाऊ रक्कम चिठ्ठीवर सरळ छाप.

कळावे.

ता. क. चपट्या आलेल्या टोपल्या पाहून घाबरू नकोस. पाण्यात मिनिटभर बुडवायची, आतून मुठीने बूड दाबत गोल करायची, आत घमेलं घालून सावलीत वाळवायची. चामड्याची मूठ मात्र पाण्याबाहेर धर. भिजली की आकसते आणि तिचा रंग काठावर उतरतो.