'आलोच' म्हणजे नक्की किती वेळ?

तुम्ही विचारलंय की मराठी माणूस 'आलोच', 'पाच मिनिटं', 'एवढ्यात', 'उद्या-परवा' असं म्हणतो तेव्हा घड्याळात किती वेळ धरायचा. माझं उत्तर असं की घड्याळ बाजूला ठेवा आणि काम किती उरलंय ते ओळखा.

फोनवर 'आलोच' ऐकलंत की मागचे आवाज ऐका. बादलीत नळ सुरू असेल तर आंघोळ व्हायची आहे. 'दोन घास खाऊन जा रे' अशी हाक आली तर खुशाल अजून एक चहा मागवा. हॉर्न ऐकू येत असतील तर मात्र स्वारी खरंच निघाली आहे.

शिंप्याकडचं गणित वेगळं. 'फक्त हुक लावायचे राहिलेत, उद्या-परवा न्या' असं तो म्हणतो तेव्हा आपलं कापड बऱ्याचदा गठ्ठ्यात जसंच्या तसं असतं. त्याला खरी तारीख एकच कळते. म्हणून तर माप घेताना तो विचारतो, 'कार्य कधी आहे?' जाणत्या बायका कार्याची तारीख चार दिवस अलीकडची सांगतात, आणि ब्लाउज वेळेवर मिळतो.

गंमत म्हणजे आज आपण सैलपणे वापरतो ते शब्द एके काळी अगदी काटेकोर होते. घटका म्हणजे 24 मिनिटं, दिवसरात्र मिळून 60 घटका. एका घटकेची 60 पळं, म्हणजे पळ 24 सेकंदांचं. दोन घटकांचा मुहूर्त, तो 48 मिनिटांचा. घटका मोजायला घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात तरंगत सोडायची. ती हळूहळू भरून बुडाली की घटका भरली. लग्नाची वेळही अशीच साधत. आता 'घटकाभर टेका हो' म्हटलं की पोहे होतात, चहा होतो, निघेपर्यंत दिवे लागतात. मिनिटाचंही तेच व्हायला लागलंय. 'दोन मिनिटं बोलायचं होतं' असं म्हणणाऱ्यावर कोण घड्याळ लावून बसतं?

जिथे काम अडतं तिथे मात्र आपण चोख असतो. 'तीन शिट्या झाल्या की गॅस बंद कर' असं सांगून शेजारी गेलेल्या बाईचा भात करपत नाही. गावाकडे 'दिवस कासराभर वर आला' (सूर्य बैलाच्या दोराएवढा वर चढला) म्हटलं की कुणी 'म्हणजे किती वाजले?' असं विचारत नाही.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'उभ्या उभ्या'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली मैत्रीण उंबऱ्यातूनच सांगते, 'उभ्या उभ्या आलेय हं, बसत नाही, अजून चार घरं करायचीत.' मग टेकते. वाण होतं, तिळगूळ होतो, 'निघते गं' होतं. हे पहिलं 'निघते' खुर्चीतून उठताना. दुसरं चपलेत पाय सरकवताना, आणि खरा विषय तिथेच निघतो: कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाच्या घरी बोलणं बंद आहे. तिसरं 'निघते' लिफ्टचं दार हाताने अडवून. खालच्या मजल्यावरचे काका बटण दाबून दाबून शेवटी जिन्याने वर येतात, तेव्हा कुठे ती लिफ्टमध्ये शिरते. मला हा वेळ कधीच वाया गेलासा वाटत नाही. चारचौघींत खुर्चीवर बसून जे तोंडातून निघत नाही, ते दारात सहज निघतं. 'उभ्या उभ्या' म्हणून आलेल्या बाईला घाई आहे असं समजून लगेच निरोप देऊ नका, ती दुखावेल.

राहता राहिले 'बघू', 'पुढेमागे', 'सवडीने' आणि 'कधीतरी'. हे 'नाही'चे सौम्य अवतार. उसने पैसे किंवा मुलीच्या स्थळाबद्दल असं उत्तर आलं की पुन्हा विचारू नये. 'या एकदा घरी' यालाही लगेच पिशवी उचलू नका. 'रविवारी जेवायलाच या, पुरणपोळी करतेय' असं म्हटलं, की नक्की जा.